शंभर उठाबशा

बुधवारी सकाळी मला कमोडवरून उठता आलं नाही. उठायचं म्हणजे काय करायचं हेच पायांना आठवेना. भिंतीला हात लावला, नळाला धरलं, दातओठ खाऊन जोर केला, आणि दोन्ही मांड्यांतून अशी कळ गेली की तोंडातून शिवी निघाली. सव्वीस वर्षं मी बस म्हटलं की मुली बसतात, ऊठ म्हटलं की उठतात, आणि आज माझेच पाय माझं ऐकायला तयार नव्हते. शेवटी बादली पालथी घातली, तिच्यावर कोपर टेकलं, पाइपला लोंबकळत कशीबशी उभी राहिले आणि सवयीने फ्लश ओढायला वळले. भांड्यात कोरा चहा ओतून ठेवल्यासारखं काळसर पाणी होतं. ते काय आहे हे मला ठाऊक होतं. पंधरवड्यापूर्वी एका शुक्रवारी नववी ब मधली एकवीस नंबर लंगडत माझ्या टेबलापाशी आली होती आणि हळूच म्हणाली होती, "बाई, लघवी काळी होतेय माझी." मी हजेरीतून मान वर न काढता म्हटलं होतं, "पाणी पी. आणि मोबाइल कमी बघ." मोबाइलचा काय संबंध होता कोण जाणे. तोंडाला आलं ते बोलले.

मी मुलींना नंबरानेच ओळखते. सहाशे मुली, नावं कोण लक्षात ठेवणार? त्या मला शिट्टी म्हणतात, तेही मला माहीत आहे. ही एकवीस नंबर पहिल्यापासून माझ्या डोक्यात जायची. उद्धट नव्हती. उद्धट मुलींचं मला काही वाटत नाही, त्यांना कसं वाकवायचं ते येतं मला. ही शांतपणे बघत राहायची, आणि बघताना डोळे मिटायची नाही. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी सगळ्यांना उठाबशांत मांडी जमिनीला समांतर गेली पाहिजे म्हणून तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, समांतर म्हणजे कशी, एकदा करून दाखवा ना." मागे कोणीतरी फिसकन हसलं. आता इतक्या दिवसांनी विचार करते तेव्हा वाटतं, तिला खरंच समजून घ्यायचं असेल. पण मी एक्कावन्न वर्षांची आहे, कमरेला टायर आहे, आणि गेल्या दहा वर्षांत मी मैदानावर काहीही करून दाखवलेलं नाही. शिट्टी, हात, आवाज, एवढ्यावर चाललंय. हे मला ठाऊक होतं आणि त्या हसण्यामुळे कळलं की सगळ्यांनाच ठाऊक आहे. नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "मीच कशाला, तूच दाखव की. शंभर."

आमच्याकडे शिक्षेची एक पद्धत आहे. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. शिक्षा झालेली मुलगी मधे, बाकीचा वर्ग भोवती गोल, आणि वर्गाने मोठ्याने मोजायचं. मांडी पुरती खाली गेली नाही, कानावरचा हात सुटला, मधे थांबली, की माझी शिट्टी वाजते आणि मोजणी पुन्हा एकपासून. आधीच्या गेल्या पाण्यात. त्यामुळे मुली नीट करतात. एकवीस नंबरचा हात बहात्तरला सुटला. मग अठ्ठ्याऐंशीला ती थांबली, म्हणाली, "बाई, होत नाहीयेत." पुन्हा एकपासून. चौसष्टला गुडघ्यावर पडली, म्हणाली, "बाई, खरंच नाही होत." पुन्हा. पंच्याण्णवला तिची मांडी पुरती खाली गेली नाही असं मला वाटलं. गेली असेलही. मी शिट्टी मारली. नंतर मात्र तिने सलग शंभर काढल्या, तोंडातून चकार शब्द न काढता, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या. मी तिला म्हटलं, "बघ, जमतं की नाही?" ती माझ्याकडे न बघता भिंतीला धरून निघून गेली.

दोन दिवसांनी ती हॉस्पिटलात भरती झाली. किडन्या बंद पडायला आल्या होत्या, दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागलं, असं मोठ्या बाईंनी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने मला केबिनमधे सांगितलं, तेही दार लावून. हॉस्पिटलने लेखी विचारलं होतं की मुलीने नेमकं काय केलं. मी लिहून दिलं: सदर विद्यार्थिनीला शंभर उठाबशा काढण्यास सांगितले व तिने त्या पूर्ण केल्या. खाली माझी सही, मोठ्या बाईंचा शिक्का. वर्गातल्या मुलींनीही तेच लिहिलं. खोटं कोणीच लिहिलं नाही. मोजणी शंभरावर संपली होती, मधल्या कोणी कधी धरल्याच नव्हत्या. एकवीस नंबरला स्वतःला विचारलं तर ती म्हणे, किती झाल्या आठवत नाही, पुन्हा पुन्हा सुरू करत होते. तापात बरळते असं सगळ्यांनी धरून चाललं. मग डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की धडधाकट मुलीला शंभर उठाबशांनी असं होणं शक्य नाही, म्हणजे हिच्या स्नायूंतच जन्मजात काहीतरी दोष असणार. मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या घराण्यातलंच आहे. मांडीचा तुकडा काढून तपासणारेत गुरुवारी. तुम्ही काळजी करू नका. शुक्रवारी चौकशी समिती बसतेय, तीही उरकेल." मला हायसं वाटलं. इथे सोंग कशाला आणू? नोकरीची सात वर्षं राहिलीत, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि शाळेबाहेर मला कोणी कुत्रंही विचारत नाही.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण ते 'करून दाखवा ना' डोक्यातून जाईना. भांडी घासताना ऐकू यायचं, जिना चढताना ऐकू यायचं. रविवारी दुपारी मी खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं, कान धरले आणि सुरू केलं. दाखवायचं कोणाला होतं? खोलीत कपाट होतं, त्याला आरसा होता. साठला माझी मांडी खाली गेली नाही. आता दुसरं कोणी असतं तर मोजत पुढे गेलं असतं. मी नाही गेले. माझ्या नियमाला मी तरी पक्की आहे. पुन्हा एकपासून. मग एक्याऐंशीला. मग सत्तरला. चौथ्यांदा एकोणसत्तरला मी खाली बसले ती बसलेच. फरशी गार होती, कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, आणि मला शंभर काही काढता आल्या नव्हत्या. अर्ध्या तासाने सरकत सरकत फोनपाशी गेले आणि मोठ्या बाईंना म्हटलं, "मी स्वतः घरी शंभर काढल्या. या वयात. ठणठणीत आहे. समितीला सांगा." त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "वा, हे फार छान केलंत." सोमवारी पाय भरून आले, मंगळवारी जिना उलट्या पावलांनी उतरले, आणि बुधवारी सकाळी ते कमोड.

मला त्या हॉस्पिटलात जायचं नव्हतं. पण दुसरं हॉस्पिटल गावाच्या पार टोकाला होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने रिक्षावाल्याला आधीच पत्ता सांगून ठेवला होता. तिची मदत म्हणजे नेहमी अशीच, न विचारता. तपासणाऱ्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, "काय केलं होतं?" मी म्हटलं, "डोंगर चढले होते." "एकट्याच?" "का, एकटीने चढू नये असं आहे का?" त्याने रक्त घेतलं, सलाइन लावलं, तासाभराने रक्ताचा कागद हातात घेऊन धावत आला आणि मांड्यांचा एमआरआय काढायला सांगितला. मागून बंद बांधायचा तो निळा झगा माझ्या अंगावर चढवला गेला, चाकाच्या खुर्चीत घालून मला तळघराच्या कॉरिडॉरमधे आणून ठेवलं. "बसा हं मावशी, नंबर आला की नेते," असं एमआरआयची टेक्निशियन म्हणाली. मी कोणाची मावशी नाही. मला तिचा तो मऊ आवाज ऐकून कानाखाली वाजवावीशी वाटली. भिंतींना पिस्ता रंग, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे एकाने पाय हलवला की सगळी रांग हलणार. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई पाय हलवत होती आणि तिच्या मांडीवर फायलींचा गठ्ठा होता. वरच्या फाइलीवर वय लिहिलेलं होतं, चौदा.

"तुमचंही पायांचंच का, ताई?" तिने विचारलं. मी हं केलं. कोणाशी बोलायची मला हौस नव्हती. पण अशा बायकांना हं पुरतं. म्हणाली, "माझ्या मुलीचेही पायच. इथे रिपोर्ट घ्यायला आलेय तिचे. वर झोपलीय ती. उद्या मांडी कापून तुकडा काढणार आहेत." मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. ही बाई शाळेत आली होती तेव्हा मोठ्या बाईंनी मला मैदानावरच थांबायला सांगितलं होतं, त्यामुळे आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. "काय झालं तिला?" मी विचारलं. विचारलं नसतं तर बरं. "शाळेत उठाबशा काढायला लावल्या. मी भांडायला गेले होते हो. पण तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या शंभरच होत्या, बाकीच्या मुली सहज काढतात. डॉक्टरही म्हणतात शंभराने असं होत नाही. मग काय बोलणार? दोष आमच्यातच." ती पाय हलवायची थांबली. "सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरचं असणार. तुझा भाऊ लहानपणी उशिरा चालायला लागला होता ना, म्हणतात. आता धाकटीलाही तपासायला आणा म्हणून सांगितलंय. सात वर्षांची आहे ती. हिचं धावणं तर बंदच, कायमचं. मोठेपणी लग्न ठरवताना सांगावं लागेल का हो, ताई?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" मला वाटत होतं तितकं ते तुटक आलं नाही. तिने माझ्या सलाइनकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्याबरोबर कोणी नाही का? मी थांबते तुमचं होईपर्यंत." तिचा मला संताप आला. कोण कुठली, हिला कोणी सांगितलं थांबायला? तेवढ्यात टेक्निशियनने माझी खुर्ची ढकलली.

"अंगावर धातूचं काही नाही ना मावशी? पंचवीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. हललात तर पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं." मी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती, रोजचं वाक्य होतं तिचं. पायांवर जड पट्टा बांधला, कानांत बोळे घातले आणि फळी आत सरकली. मग ठोके सुरू झाले. भिंतीपलीकडे कोणीतरी खिळे ठोकतंय, थांबतंय, पुन्हा ठोकतंय. मी ठोके मोजायला लागले. मला आवाज आला की मोजावाच लागतो, तो रोगच आहे माझा. चाळीसच्या आसपास मला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजचं मैदान आठवलं, तिथल्या सरांची काठी, आणि माझ्या खोलीत राहणारी ती उंच मुलगी. नियम त्या सरांचाच. पुन्हा एकपासून. आम्ही सगळ्या काढायचो तीनशे, साडेतीनशे, रात्री एकमेकींच्या मांड्या चेपायचो आणि फुशारकी मारायचो. आम्हाला काही झालं नाही, हे वाक्य मी सव्वीस वर्षं वापरतेय. ती उंच मुलगी मात्र दुसऱ्या वर्षी घरी गेली ती आलीच नाही. लघवी काळी होत होती तिची. कावीळ झाली म्हणून सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं, आणि पुढे ती गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही तिच्या खाटेवर आमच्या पेट्या ठेवल्या. तिच्या आईला शेवटपर्यंत वाटत असेल की मुलगी काविळीने गेली. माझी मांडी उडाली. मशीन थांबलं. छतातून टेक्निशियनचा आवाज आला, "मावशी, हललात. पुन्हा घेते हं पहिल्यापासून." ठोके पुन्हा सुरू झाले आणि मी मोजू नये म्हणून जीभ चावून धरली, पण डोक्यात ते आकडे आपणहून ओळीने येऊन उभे राहिले. बहात्तर. अठ्ठ्याऐंशी. एकशे साठ झाले. चौसष्ट, दोनशे चोवीस. पंच्याण्णव, तीनशे एकोणीस. ही बेरीज मी कधी केली नव्हती. दोन आठवडे मी त्या पाच आकड्यांना एकमेकांजवळ येऊ दिलं नव्हतं. आता पाय बांधलेले, हलायचीही चोरी, कुठे जाणार? वर शंभर मिळवले आणि बेरीज झाली.

बाहेर काढल्यावर मला सरळ रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरच्या खोलीत नेलं. अंधारी खोली, दोन पडदे, आणि पडद्यांच्या उजेडात पन्नाशीचा एक थकलेला माणूस. त्याने मला मावशी म्हटलं नाही, एवढं मात्र बरं केलं. "हा तुमच्या मांडीचा आडवा काप," तो म्हणाला. "चांगला स्नायू असा काळा दिसतो. हे जे पांढरं आहे ते सूज आणि पाणी. स्नायू फुटलाय." दोन्ही मांड्या पुढून पांढऱ्याफटक होत्या. आपल्या आत असं काही दिसतं हे बघून मला लाजच वाटली, कोणीतरी झग्याची गाठ सोडल्यासारखी. "डोंगर चढलात असं लिहिलंय," तो म्हणाला. "डोंगराने पोटऱ्या जातात, उतरताना इतरही ठिकाणी दिसतं. हे फक्त पुढचं आहे आणि दोन्हीकडे अगदी सारखं. उठाबशा काढल्यात का?" खोटं पकडलं गेलं की मुलींचे चेहरे कसे होतात ते मी रोज बघते, तसाच माझा झाला असणार. म्हटलं, "हो." "किती?"

"शंभर," मी म्हणाले. जिभेवर तोच तयार होता.

त्याने लिहायचं थांबवलं. "गेल्याच आठवड्यात अशी एक मुलगी आली. हुबेहूब हेच चित्र. तिनेही शंभरच. शंभराने असं होत नाही हो. जन्मजात दोष असेल तरच होतं. तुमचाही तुकडा काढून बघावा लागेल." मग त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तुम्ही तिच्या नात्यातल्या आहात का? आत्या, मावशी? आजार आनुवंशिक असू शकतो, म्हणून विचारतो." दाराच्या काचेतून कॉरिडॉर दिसत होता. ती बाई खरंच थांबली होती, फाइली छातीशी धरून. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. नाही, नात्यातली नाही, पण माझ्यातही तोच दोष असेल, काढा तुकडा. एक व्रण राहिला असता, शुक्रवारची समिती उरकली असती आणि सोमवारी मी मैदानावर असते. मला दया आली असं मी म्हणणार नाही, मला तशी सवय नाही. मला राग आला. त्या कागदावर चुकीचा आकडा लिहिला जाणार होता आणि हा शहाणा माणूस त्याच्यावर एका मुलीची मांडी कापणार होता, दुसऱ्या लहान पोरीला सुया टोचणार होता, आणि एका सासूला आयुष्यभर बोलायला विषय देणार होता. मोजणारी चुकली होती. माझा स्वतःचाच एवढा राग मला आजवर आला नव्हता.

"चारशे एकोणीस," मी म्हणाले.

"तुम्ही काढल्यात?"

"तिने. बहात्तर, अठ्ठ्याऐंशी, चौसष्ट, पंच्याण्णव आणि मग शंभर. लिहा."

त्याने लिहिलं नाही. "तिच्या कागदांत शाळेचं पत्र आहे. त्यात शंभर म्हटलंय."

"पत्रावर सही माझी आहे. मी तिची पीटीची बाई. त्यात शेवटच्या शंभर तेवढ्या धरल्यात. ते पत्र फाडा आणि तिला उद्या कापू नका. तिच्यात काही दोष नाही."

दुसऱ्या पडद्यावर त्याने एक जुनं चित्र उघडलं, माझ्यापेक्षा बारीक मांड्यांचं, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग फोन उचलून वरच्या वॉर्डला सांगितलं की उद्याची केस थांबवा, मी येऊन बोलतो, तिच्या आईला खाली बसवून ठेवा. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "आणि तुमच्या खऱ्या किती?"

"दोनशे ऐंशी."

"तिथेच का थांबलात?"

"पुढे होत नव्हत्या."

"आणि तिला होत होत्या?"

"नाही," मी म्हणाले. "तिने मला सांगितलं होतं. दोनदा."